कापानच्या पुढचा रस्ता

भांडुप (पश्चिम)
९ एप्रिल २०२३

प्रियंका,

फोनवर ब्लॉक केलंस, व्हॉट्सॲपवर केलंस. अनिरुद्धच्या नंबरवर लावला तर तूच उचलून कट करतेस. ठीक आहे. पण पोस्टमनला ब्लॉक करता येत नाही गं. म्हणून हे कागदावर. फाडायचं असेल तर वाचून फाड.

परवा आम्ही निघतोय. मोटरसायकल आधीच गेली, न्हावाशेवाहून लाकडी खोक्यात बंद होऊन दुबईला. तिथे ती सोडवायची, शारजाहून बोटीवर चढवायची, इराणात उतरवायची आणि मग चाकांवर पुढे आर्मेनिया, जॉर्जिया, तुर्कस्तान. इस्तंबूलला पोचलो की परत. हे तुला अनिरुद्धने सांगितलं असेलच, पण अनिरुद्ध कुठलीही गोष्ट ऑफिसच्या नोटीशीसारखी सांगतो. तेव्हा माझ्याकडूनही ऐक.

तुझा नवरा आला होता गेल्या रविवारी. चप्पलही नीट काढली नव्हती, तेवढ्यात सुरू.

"आई, मी काय म्हणतो, थोडेच महिने थांबा. प्रियंकाची रजा जूनमध्ये संपते. गंधाली जरा मोठी झाली की जा ना खुशाल."

"जरा म्हणजे किती?"

"म्हणजे... बघू ना."

"बघू म्हणजे बारावीपर्यंत," मी म्हटलं.

आत चहा करत असलेल्या दशरथला हसू आलं. ते अनिरुद्धला ऐकू गेलं आणि तो उठला. चहा तसाच राहिला.

आता तुला सांगते. तीस वर्षं प्रसूती वॉर्डात काढली मी. घाटकोपरच्या अर्ध्या पोरांना जगात आल्यावर पहिली चापट माझ्या हातची बसली आहे. तुझ्या बाबांचं डायलिसिस सुरू झालं तेव्हा ड्युटी करून त्यांचं सगळं केलं, शेवटच्या दिवसापर्यंत. त्याचं पदक मागत नाही. माझा माणूस होता तो, आणि फार चांगला होता. पण ते गेले तेव्हा माझंही आयुष्य त्यांच्याबरोबर संपलं, असं तू परस्पर ठरवलंस. ते मला मान्य नाही. गंधाली माझी नात आहे, मी तिची आजी आहे. आया नाही.

तू म्हणाली होतीस, "त्या माणसाशी लग्न केलंस तर मला आई नाही." मी केलं. एक्सरे डिपार्टमेंटमधला दशरथ, ज्याला तू लहानपणी 'फोटोवाले काका' म्हणायचीस, तोच. बाबांना अहो आणि ह्याला अरे, याचा तुला फार राग. अगं, वीस वर्षं एका हॉस्पिटलात एका डब्यातून जेवलेल्या माणसाला अहो कसं म्हणू? तुझ्याकडे त्याचं नाव चालत नाही, त्याच्या भावाकडे, धोंडूभावजींकडे, माझी जात चालत नाही. गणपतीला आम्हाला बोलावणं नव्हतं. बरं झालं. वेळ मिळाला, नकाशे बघितले.

आणि हो, गाडी मीही चालवते. पन्नाशी उलटल्यावर शिकले, मुलुंडला, रविवारी पहाटे, मोकळ्या मैदानात. चार वेळा पडले. लायसन्स आहे माझ्याकडे, बाहेरदेशचा परवानाही आहे. बिल्डिंगमधल्या बायका विचारतात, "या वयात?" मी म्हणते, "मग कुठल्या? तुम्ही सांगा."

आई
(तू म्हण, नाहीतर म्हणू नकोस)


यझ्द, इराण
३ मे

प्रियंका,

वाळवंटातलं गाव आहे. मातीच्या भिंती, वर वारा पकडायचे उंच मनोरे. आम्ही एका जुन्या घराच्या अंगणात खाटेवर बसलोय आणि दशरथ कलिंगड खातोय. म्हणजे आता बरा आहे. काल नव्हता.

इथे बायकांना मोटरसायकलचं लायसन्स देत नाहीत. त्यामुळे बोटीतून उतरल्यापासून मी मागे. हेल्मेटच्या आत स्कार्फ, स्कार्फच्या आत घाम. दशरथ चालवणार, मी नकाशा बघणार. मला ते मुळीच आवडलं नाही, पण पाहुणे म्हणून गप्प बसले.

काल दुपारी रस्त्यात त्याला ऊन लागलं. गाडी डुलायला लागली. "थांब रे, थांब," म्हणून पाठीत गुद्दे घातले तेव्हा थांबला आणि उतरून भडाभडा ओकला. नाडी पळत होती, अंग तापलं होतं. आजूबाजूला चिटपाखरू नाही. होतं ते पाणी त्याच्या डोक्यावर ओतलं, थोडं पाजलं, ओढणीने त्याला माझ्या पाठीशी बांधला आणि हँडल घेतलं. नर्स आहे मी. ऊन लागलेल्या माणसाला उन्हात ठेवून कायद्याची वाट बघत बसणार नाही.

गावाच्या अलीकडे पोलिसांनी अडवलं. कोवळा पोरगा, मिशी नुकती फुटलेली. आधी त्याला मी पुरुषच वाटले. काच वर केली तर घाबरला बिचारा. फोनमध्ये बोलायचा, फोन त्याचं इंग्रजी करायचा : "स्त्रीला परवानगी नाही." मी लायसन्स दाखवलं. पुन्हा तेच. मी फोनमध्ये सांगितलं, "हा माझा नवरा, हा आजारी, दवाखाना कुठे?" त्याने दशरथकडे बघितलं. दशरथ माझ्या खांद्यावर मान टाकून "गो, पाणी," म्हणत होता.

मग मी विचारलं, "ठीक आहे, मी नाही चालवत. तू चालवतोस?" त्याने गाडीकडे बघितलं, सामानाच्या पेट्या बघितल्या आणि मान हलवली.  मग त्याने आपल्या गाडीतली थंड पाण्याची बाटली आणून माझ्या हातात दिली, हाताने उजवीकडचा रस्ता दाखवला आणि माझ्याकडे पाठ करून फोनवर बोलायला लागला. फोन वाजला नव्हता, लावलाही नव्हता. मी गाडी चालू करून निघाले तरी वळला नाही.

दवाखान्यात सलाईन लावलं. दशरथ शुद्धीवर आल्यावर पहिलं काय म्हणाला असेल? "चेतना, तिसऱ्या गिअरवर जास्त वेळ काढलंस, इंजिनाक त्रास होता." म्हटलं, इंजिनाला नाही, मला त्रास होतो.

गंधाली पालथी पडायला लागली असेल आता.

आई


कापान, आर्मेनिया
१९ मे

प्रियंका,

इराण संपलं. अरास नदीवरच्या पुलाच्या अलीकडे इराण, पलीकडे आर्मेनिया. पलीकडे जाऊन शिक्का पडल्याबरोबर मी स्कार्फ काढून पेटीत टाकला आणि दशरथला म्हटलं, उतर. घाटात मी चालवली. दोन्ही बाजूंना बर्फाचे डोंगर आणि खाली ढग. इतकी जोरात ओरडले की मागून दशरथ म्हणाला, "काय झाला? पडलंव?"

सध्या कापान नावाच्या डोंगरातल्या गावात आहोत. थोडे दिवस इथेच राहू म्हणतो. दशरथचा खांदा जरा दुखतोय, बाकी काही नाही. हास्मिक नावाच्या एका बाईच्या घरी खोली मिळाली आहे. ती शाळेत भूगोल शिकवायची. मुंबई कुठे आहे ते तिला माहीत आहे, भांडुप मी दाखवलं. अंगणात तुती आहे. रोज सकाळी ती दशरथला सूप पाजते आणि मला कामाला लावते. दशरथच्या शर्टाची बटणं मी लावते, त्यामुळे तो चिडचिडा झालाय.

हवा छान आहे. काळजीचं कारण नाही. आणि काळजी तू करतही नसशील.

आई


कापान
३१ मे

प्रियंका,

तर तुला कळलं. धोंडूभावजींनी अनिरुद्धला सांगितलं, अनिरुद्धने तुला, आणि तू मला अनब्लॉक करून सहा महिन्यांनी पहिलं वाक्य काय बोललीस? "आई, तुला अक्कल आहे का?" आवाज ऐकून बरं वाटलं. तेव्हा सांगितलं नाही, आता सांगते.

फोनवर तू मला बोलू दिलं नाहीस, म्हणून काय झालं ते लिहिते. चढ मी चालवला, उतार त्याने मागून घेतला, आणि उतरताना वळणावर मेंढ्यांचा कळप आला. दशरथने ब्रेक दाबला, रस्त्यावर बारीक खडी होती, गाडी आडवी गेली. मी गवतात पडले, मला खरचटलं. तो खांद्यावर पडला. हाताला आधार देऊन बसवला तेव्हाच मला बोटांना कळलं, गळ्याजवळचं हाड मोडलंय. दवाखान्यात एक्सरे काढला. फिल्म उजेडासमोर धरून तो स्वतःच म्हणाला, "मधोमध. प्लेट नको, झोळी चालेल." डॉक्टरही तेच म्हणाले. सहा आठवडे.

गाडी तो चालवत होता. हे मी मुद्दाम लिहिते, कारण धोंडूभावजींनी फोनवर पहिलं हेच विचारलं, "गाडी कोण चालवी होतो?" मी म्हटलं, तुमचे भाऊ. तर म्हणतात, "मग तू मागसून बडबडत असशीत." म्हणजे काही झालं तरी मीच.

तू म्हणालीस, अनिरुद्धने येरेवानहून दोन तिकिटं बघून ठेवली आहेत, गाडी तिथेच टाका, उद्या निघा. "आणि आता तरी घरी बस." हे शेवटचं वाक्य तू बोलली नसतीस तर कदाचित मी निघाले असते. खरं सांगते. त्या दिवशी मी फार थकले होते. हास्मिकच्या मोरीत नळ सोडून रडले होते.

पण खरी लढाई तुझ्याशी झालीच नाही. ती झाली अंगणात, तुतीखाली, दुसऱ्या दिवशी सकाळी. दशरथ म्हणाला, "चेतना, पुरे झाला आता. घराक जावया."

"का?"

"हात बघ माझो. गाडी कोण चालवतलो?"

"मी."

"अगो, जॉर्जियाचे घाट, तुर्कस्तान... इतक्या लांब? सामानासकट? माका मागे घेऊन?"

"मुलुंडला तूच शिकवलंस ना? की नुसतं कौतुक म्हणून शिकवलंस?"

तो झोळीची गाठ चाचपत बसला. मला राग आला. तुझा राग मला कळतो, धोंडूभावजींचा कळतो. पण ज्याने दर रविवारी पहाटे उठून मला क्लच सोडायला शिकवला, त्यालाही आतून वाटत होतं की बाई चालवते ती हौस, पुरुष चालवतो तो प्रवास. हे मला त्या तुतीखाली कळलं. आणि ते सगळ्यात जास्त लागलं.

मी म्हटलं, "दशरथ, तुला जायचं असेल तर जा. विमानात बसवून देते, मुंबईत अनिरुद्ध उतरवून घेईल. दुखणाऱ्या माणसाला मी ओढत नेणार नाही. पण मी परत फिरणार नाही. गाडी घेऊन इस्तंबूलला जाणार, एकटी."

"एकटी?"

"हो."

"आणि वाटेत काय झाला तर?"

"तुझ्या देखतही झालंच की."

हास्मिक खिडकीत उभी होती. तिला मराठीही कळत नाही आणि मालवणीही. तरी तिने बाहेर येऊन माझ्या हातात चहा दिला, त्याच्या नाही.

 मी गाडी गॅरेजमधून आणली, वाकलेला फूटरेस्ट सरळ करून घेतला होता. गावाबाहेरच्या चढावर, पूर्ण सामान लादून, मागच्या सीटवर सिमेंटची अर्धी गोणी बांधून, वर गेले आणि खाली आले. मग पुन्हा. एकदा तोल गेला, गाडी आडवी झाली, दोन माणसं धावत आली. मी त्यांना हाताने थांबवलं. गाडीकडे पाठ करून, गुडघे वाकवून, पायांच्या जोरावर मागे मागे रेटत ती उभी केली. मुलुंडला हेच तर शिकले होते. वळून बघते तर रस्त्याच्या कडेला झोळीत हात घातलेला दशरथ उभा. कधीपासून होता कोण जाणे.

"गोणी जरा डावीकडे कललीहा," तो म्हणाला.

"तू बसलास की कलणार नाही."

"हाड जुळल्याबिगर बसूचा नाय."

"मी बसवणारही नाही. सिस्टर मी आहे."

तर प्रियंका, तिकिटं नकोत. अनिरुद्धला थँक्यू सांग, मनापासून. हाड जुळेपर्यंत इथे, मग पुढे. मागे नाही.

आई


ट्रॅबझोन, तुर्कस्तान
११ जुलै

प्रियंका,

काल तू फोनवर रडलीस आणि मी परत यायला नाही म्हटलं. फोन ठेवल्यावर तू मला पुन्हा ब्लॉक केलं असशील, म्हणून पुन्हा कागद.

आधी आमची खबर. कापानपासून इथपर्यंत मी चालवली. येरेवान, मग जॉर्जियाचे घाट, मग काळ्या समुद्राच्या काठाने. दशरथ मागे. पहिल्या दिवशी तो प्रत्येक वळणावर माझ्या कमरेला चिमटा काढत होता. दुसऱ्या दिवशी मी गाडी थांबवून सांगितलं, पुढचा चिमटा काढलास तर उतरवीन. नंतर नाही काढला. पेट्रोल पंपावर माणसं हसतात : बाई पुढे, मिशीवाला मागे. एकाने दशरथला खुणेने विचारलं, तू का नाही? दशरथने मालवणीत सांगितलं, "माझ्यापेक्षा बरी चालवता ती." त्याला काही कळलं नाही. मला कळलं.

आता तुझं.

ऑफिस म्हणतं, वाढवलेली रजा संपली, या नाहीतर राजीनामा द्या. अनिरुद्ध म्हणतो, "तुझी आईच नाही म्हणाली तर मी काय करू? सोड नोकरी." आणि तू म्हणालीस, "आई, तुझ्यामुळे माझी नोकरी जातेय."

नाही. माझ्यामुळे नाही.

ऐक. मी आज मालाडला, बोरिवलीला, कुठेही धावत आले असते तरी प्रश्न सुटला नसता, नुसता माझ्या अंगावर पडला असता. गंधालीला बाप आहे. दोन हात, दोन पाय, सगळे धडधाकट. तो तुला "सोड" म्हणतो तेव्हा तू मला का फोन करतेस? त्याला विचार ना : तू का नाही सोडत? निदान पाळी बदलून का नाही घेत? वॉर्डात हजारो बायका बघितल्या मी. बाळ झालं की सगळे विचारायचे, आईकडे राहणार की सासूकडे? बापाकडे राहणार का, असं एकानेही विचारलं नाही.

मलाही कोणी विचारलं नव्हतं. तू चाळीस दिवसांची असताना मी ड्युटीवर गेले, कारण तुझे बाबा स्वतः पुढे झाले. रात्रपाळी घेतली त्यांनी, दिवसा तुला सांभाळलं. वाकोल्याची तुझी आत्या त्यांना हसायची. त्यांची मुलगी म्हणवतेस ना? मग त्यांच्यासारखं, हसणाऱ्यांकडे न बघता वाग.

तू म्हणालीस, "तू फिरत बसलीस आणि मला शिकवतेस." हो. फिरता फिरताच शिकवते. नोकरी सोडायची नाही. रागाने नाही, हट्टाने नाही, साधं, नाही म्हणून सांगायचं आणि दुसऱ्या दिवशी पर्स उचलून निघायचं. मी येणार नाही या भरवशावर निघ.

 

आई


इस्तंबूल
३० जुलै

प्रियंका,

पोचलो. काल सकाळी मोठ्या पुलावरून आशियातून युरोपात आलो. खाली समुद्राची पट्टी, जहाजं, बाजूने ट्रक. पूल संपल्यावर पहिल्या मोकळ्या जागेला गाडी थांबवली आणि मी खाली बसले. रडले की हसले ते दशरथला विचार. त्याने फोटो काढला, त्यात माझं तोंडच आलं नाही, नुसतं हेल्मेट. एक्सरेवाल्याला फोटो काढता येत नाही, हे इतक्या वर्षांनी कळलं.

तुझा व्हिडिओ कॉल आला तेव्हा आम्ही मासळी खात होतो. स्क्रीनवर तुझं नाव बघून मासळीचे हात मी कपड्यांनाच पुसले. तू ऑफिसच्या जिन्यात उभी होतीस, गळ्यात ओळखपत्र. म्हणजे पर्स उचललीस. मग सांगितलंस, की तू तीन दिवस अनिरुद्धशी बोलली नाहीस, चौथ्या दिवशी गंधालीला त्याच्या मांडीवर ठेवून सरळ खाली उतरलीस आणि रिक्षात बसलीस. त्याने दहा फोन केले, तू एकही उचलला नाहीस. संध्याकाळी आलीस तर घरभर दुधाची बाटली आणि पावडर, आणि बापलेक दोघं जमिनीवर झोपलेले. आता तो सकाळी घरी, तू दुपारनंतर, मधले तीन तास पाळणाघर. तो अजून फुगलेला आहे म्हणालीस. फुगू दे. सूज उतरते, मी पुष्कळ बघितल्या आहेत.

मी शाबास म्हटलं नाही, कारण तू म्हणालीस, "तुला बरं वाटावं म्हणून नाही केलं." बरोबर. माझ्यासाठी करायचंच नव्हतं.

मग तू विचारलंस, "खरंच तू चालवलीस? इतकी सगळी?" मी हो म्हटलं.  मग गंधालीचे दात आले, त्याचा फोटो पाठवलास. आणि तेवढ्यात माझ्या बाजूला बसलेला दशरथ, नेहमीसारखा, तुला दिसू नये म्हणून खुर्ची सरकवून फोनच्या बाहेर गेला. ते तुला दिसलं. मला कळलं की तुला दिसलं. तू म्हणालीस, "त्यांना सांग, खांदा शेकत जा म्हणावं. थंडीत दुखेल."

तेवढ्यात कोणीतरी हाक मारली आणि तू फोन ठेवलास.

दशरथने विचारलं, "काय म्हणाली?" मी म्हटलं, "दात आलेत बाळाला."

तुझा निरोप मी दिला नाही, प्रियंका. देणारही नाही. तुझी वाक्यं त्याच्याकडे आणि त्याची तुझ्याकडे पोचवायला मी मधे उभी राहणार नाही. आम्ही सोळा ऑगस्टला मुंबईत उतरतो. त्याचा नंबर तुझ्याकडे आहे, हॉस्पिटलात असताना तुझ्या बाबांच्या रिपोर्टसाठी तू त्याला दहादा लावलेला आहेस. तो आवाज ओळखेल. तुला जे सांगायचं आहे ते तूच त्याला सांग.

आई